जुलैतलं माघस्नान

आम्ही साताऱ्याकडची माणसं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतो. पावसाळा लागला की सकाळी पेपरात आधी कोयनेचा साठा बघायचा, मग बाकीचं जग. किती भरलं, किती सोडलं, दरवाजे किती फुटांवर आहेत, यावर आमच्या गावच्या पारावर जी चर्चा चालते ती ऐकून पाटबंधारे खात्याच्या माणसांनी वही काढावी. त्यामुळे लग्नानंतर मी अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावी आले आणि टेकडीवरून लेक सुपीरियर समोर पसरलेलं दिसलं, तेव्हा माझ्या तोंडून "किती सुंदर" निघालं नाही. "किती टीएमसी?" निघालं.

नवरा इंजिनिअर. प्रश्न विचारला की उत्तर आलंच पाहिजे. त्याने गाडी चालवता चालवता आकडेमोड केली. कोयना १०५ टीएमसी. हे साधारण सव्वाचार लाख. म्हणजे चार हजारांवर कोयना. क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटर, अख्ख्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जास्त. सगळ्यात खोल ठिकाणी ४०६ मीटर. बर्फ सोडला तर जगात जमिनीच्या वर जेवढं गोडं पाणी आहे त्याचा दहावा भाग एवढ्या एका खड्ड्यात. आणि स्वच्छ किती? दहा हात खोलीवरचा गोटा मोजून घ्यावा.

एवढं पाणी दारात, आणि मी विहिरीवर पोहायला शिकलेली मुलगी. कमरेला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनी काठावरून ढकललं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात मी भावांच्या बरोबरीने मुटके मारत होते. तेव्हा पोहण्यात मला कुणी काही शिकवावं असं उरलं नव्हतं. डुलुथमध्ये पोहणं मात्र हातापायांनी होत नाही. ते हवामानखात्याची पानं, वाऱ्याची दिशा, बोयावरचे (पाण्यात तरंगणाऱ्या यंत्रावरचे) आकडे आणि शेजारणीचा चेहरा वाचून होतं. हातपाय शेवटी लागतात, तेही लागलेच तर.

आधी आकड्यांचं सांगते. इथे तापमान फॅरनहाईटमध्ये. "पाणी आज पन्नास आहे" असं कुणी म्हणालं की मराठी कानाला घाम फुटतो. पन्नास म्हणजे दहा सेल्सिअस. (मी स्वतः पुढे सेल्सिअसच सांगते.) फ्रिजच्या दारात ठेवलेली बाटली याहून फार गार नसते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा जावयाच्या फोनवर "वॉटर ४८" वाचून म्हणाली, "अगं बाई, हे तर चंद्रपूरच्या वर गेलं! पाणी उकळतंय की काय?" तिला खाली किनाऱ्यावर नेलं. तिने चप्पल काढून एक पाऊल पाण्यात ठेवलं, लगेच उचललं, आणि मग बराच वेळ त्या पावलाकडे, ते अजून आपलंच आहे ना, अशा नजरेने पाहत राहिली.

आई मे महिन्यात आली होती, ऑक्टोबरपर्यंत राहणार होती. "उन्हाळ्यात ये, तेव्हा बरं असतं," असं मीच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. उन्हाळा असतोच. फक्त तो टेकडीच्या वर असतो. डुलुथ हे गाव उतारावर वसलंय. तळ्यापासून माथ्यापर्यंत दोनशे-अडीचशे मीटरचा चढ. मे-जूनमध्ये वर मॉलपाशी लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात असतात, तिथून दहा मिनिटं खाली उतरलं की हवा पंधरा अंशांनी उतरलेली असते आणि माणसं जाकिटात. इथल्या हवामानवार्तेत एक वाक्य उन्हाळाभर रोज येतं: तळ्याजवळ गार. आमचं घर तळ्याजवळ आहे. आईने येताना सुती साड्या आणल्या होत्या. त्या साड्यांवर माझा जुना पार्का (टोपीचं जाड जाकीट) घालून ती जून महिनाभर वावरली.

"पण ऊन तर केवढं कडक आहे," ती विचारायची. "मग पाणी तापत कसं नाही?"

याचं उत्तर शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं आहे आणि सगळेच विसरलो आहोत. पाणी चार अंशाला सगळ्यात जड. हिवाळ्यानंतर सुपीरियरचा वरचा थर त्याहून गार असतो. जूनच्या उन्हाने तो जरा तापला, तीनाचा साडेतीन झाला, की जड होऊन खाली बुडतो आणि खालचं गार पाणी वर येतं. तेही तापलं की बुडतं. एकत्र कुटुंबातल्या नव्याने नोकरीला लागलेल्या मुलासारखी त्या वरच्या थराची गत: मिळवलं की खाली वाटलं, आणि हातात पुन्हा तेवढेच चार. सगळं घर चारावर आल्याशिवाय याच्या अंगावर नवा शर्ट चढत नाही. सरासरी खोली दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे घर मोठं आहे. बाकीच्या तळ्यांत जून अखेर मुलं डुंबायला लागतात; सुपीरियरचं वरचं पाणी बूड सोडून स्वतंत्र व्हायला जुलै उजाडतो. तळाशी तर बारा महिने चारच. २०१४ साली हिवाळा एवढा कडक पडला की पंचाण्णव टक्के तळं गोठलं, आणि मे संपत आला तरी मिशिगनच्या मार्केट गावाच्या किनाऱ्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. त्यांच्या शेजारीच लोक पोहण्याच्या कपड्यात ऊन खात बसले होते.

या लोकांचं मला खरंच कळत नाही. आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या घरात आल्या. त्यांचे आजी-आजोबा फिनलंडहून इथे आलेले. परसात लाकडी सौना (शेकायची तापलेली खोली) आहे, त्यात नव्वद अंशात बसायचं आणि तांबूस होऊन तळ्यात शिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. जून ते ऑक्टोबर रोज पोहतात. मी कुंपणावरून विचारते, "आज पाणी कसं आहे?" त्या म्हणतात, "नॉट टू बॅड." पाणी आठ अंश असलं तरी नॉट टू बॅड, अठरा असलं तरी नॉट टू बॅड. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नॉट टू बॅड होतं, आणि बर्फाच्या वादळात त्यांच्या गॅरेजवर झाड पडलं तेव्हाही. मिनेसोटातली सगळी माणसं थोडीफार अशीच. त्यांच्याकडून तापमान काढून घेणं म्हणजे कोकणी माणसाकडून आंब्याचा शेवटचा भाव काढण्याइतकं अवघड. म्हणून मी त्यांचा चेहरा वाचायला शिकले. ओठ निळे असतील तर दहाच्या खाली. कानाच्या पाळ्या लाल असतील तर बारा-तेरा. पोहून आल्यावर लगेच गप्पा मारत उभ्या राहिल्या तर मी पळत जाऊन कपडे बदलते.

नवऱ्याचा विश्वास बोयावर. पश्चिम सुपीरियरमध्ये डुलुथ विद्यापीठाच्या सरोवर संशोधन केंद्राचे बोये तरंगत असतात. ते लाटा, वारा, पाण्याचं तापमान पाठवतात. हा माणूस स्वतः पाण्याच्या दहा फूट जवळ जात नाही, पण सकाळी उठल्या उठल्या बोया बघतो.

"अगं, अठरा दाखवतंय! आज जा."

बोया आहे कित्येक मैल आत. किनाऱ्यावर पाय घातला तर नऊ.

"मग बोया चुकला असेल," मी म्हणते.

"बोया चुकत नाही. तू चुकीच्या ठिकाणी पोहतेस."

इथे खरी मेख आहे ती वाऱ्याची. डुलुथ म्हणजे सुपीरियरचं पश्चिमेकडचं टोक, नरसाळ्याचं निमुळतं तोंड. सगळं तळं आमच्यापासून ईशान्येकडे पसरलेलं. वारा ईशान्येचा असला की अख्ख्या तळ्यावरचं तापलेलं पाणी ढकलत आणून तो आमच्या कोपऱ्यात जमा करतो. नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा असला की हेच कोमट पाणी आत ढकलून देतो, आणि त्याच्या जागी खालचं, चार अंशांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतलं पाणी वर येतं. हे सगळं एका रात्रीत होतं. काल संध्याकाळी सतरा, आज सकाळी आठ. पाणी तेच, किनारा तोच, आणि तुम्ही कालच्या भरवशावर धावत येऊन सूर मारलेला.

आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती जराही चकित झाली नाही. "वास्तुशास्त्रात पाण्याची जागा ईशान्यच असते," ती म्हणाली. "तुमच्या त्या बोयाला आत्ता कळलं."

आता यातली गंमत बघा. पश्चिमेचा, दक्षिणेचा वारा म्हणजे गरम हवा. त्या दिवशी गाव उकडून निघतं, सगळ्यांना पाण्यात जावंसं वाटतं, आणि नेमकं त्याच दिवशी पाणी बर्फ. शिवाय दक्षिणेचा वारा सोबत चावऱ्या माश्या आणतो. दिसायला घरातल्या माशीसारख्याच, पण फक्त घोट्यांना चावतात, आणि कुठलाही वास, मलम, उदबत्ती त्यांना रोखत नाही. किनाऱ्यावर माणसं नाचताना दिसली तर संगीत शोधू नये. वारा दक्षिणेचा आहे एवढं समजावं. माश्यांपासून वाचायला पाण्यात जावं तर पाणी पायाला चावतं. उलट ईशान्येचा वारा लागला की पाणी छान होतं. पण हवा बारा अंश, धुकं, आणि लाटा अशा की पार्क पॉइंटच्या किनाऱ्यावर लाल झेंडा. लाल झेंड्याला आत ओढणारा प्रवाह असतो, तिथे शहाण्याने जाऊ नये. थोडक्यात, हवा बरी तर पाणी वाईट. पाणी बरं तर हवा वाईट आणि वर मरणाची भीती. पोहायचा दिवस एकच: ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस वाहून थांबला, लाटा बसल्या, आणि पश्चिमेचा अजून सुरू व्हायचाय. हा मुहूर्त कुठल्याही पंचांगात मिळत नाही आणि लागला तर बहुधा मंगळवारी सकाळी दहा वाजता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये लागतो.

हे सगळं मिनियापोलिसच्या मराठी मंडळींना सांगून उपयोग नसतो. अडीच तासांच्या अंतरावर ही मंडळी राहतात, आणि चार जुलैच्या सुट्टीत "तळ्यावर" येतात. दरवर्षी मी फोनवर सांगते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात नका येऊ, ऑगस्टअखेर या. दरवर्षी ते म्हणतात, अगं पण तिकडे कसं गार असेल! गार असतंच. गेल्या खेपेला फटाके धुक्यात उडाले. आवाज आला, वर ढग एकदा गुलाबी झाले, एकदा हिरवे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या मंडळींत एक काका होते. वाईचे. कृष्णेला पूर आला असताना ढोल्या गणपतीच्या घाटावरून पलीकडे पोहून गेलो होतो, हे त्यांनी येता येता गाडीत सांगितलं, आल्यावर चहा घेताना सांगितलं, आणि पार्क पॉइंटच्या वाळूत उभं राहून, शर्ट काढताना पुन्हा सांगितलं. पाणी त्या दिवशी नऊ होतं. मी म्हटलं, "काका, आधी पाय भिजवा, हळूहळू जा." काका म्हणाले, "पाण्यात हळूहळू जातात ती बायकापोरं." (मी बाई, माझी मुलगी पोर, आम्ही दोघी गप्प बसलो.) काका धावले. गुडघाभर पाण्यात पोचल्यावर त्यांचा वेग कमी झाला, पण किनाऱ्यावर मंडळी बघत होती, त्यामुळे परतायचा मार्ग बंद होता. त्यांनी सूर मारला.

वर आले तेव्हा तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. गार पाण्याचा असा झटका बसला की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, मग दुसरा, मग तिसरा. ते आपल्या हातात नसतं. याच वेळी डोकं पाण्याखाली असेल तर फुप्फुसात पाणी जातं, पट्टीचे पोहणारे यानेच जातात. मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी यावर आयुष्य घालवलंय. बर्फगार पाण्यात वारंवार स्वतः उतरून ते शिकवतात की एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास हा हिशेब लक्षात ठेवा. पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायला. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर या. आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी तो हिशेब काटेकोर पाळला. पूर्ण एक मिनिट ते कमरेभर पाण्यात उभे होते, डोळे क्षितिजावर, ओठ हलत होते, शब्द नव्हते.

मिनिट संपलं. काका वळले, किनाऱ्यावरच्या सगळ्यांकडे पाहून हात उंच केला आणि म्हणाले, "मस्त आहे! या!"

जगात कुठेही जा, गार पाण्यात पहिला गेलेला माणूस हेच म्हणतो. मंडळी भोळी. सहा जण गेले.

त्यानंतर आमच्याकडचे सगळे टॉवेल, दोन रजया आणि आईचा पार्का त्यांच्यात वाटला गेला, आणि आल्याचा चहा पातेल्यांनी करावा लागला. काकांनी कप दोन्ही हातांत धरला होता, तरी चहा सांडत होता. अर्ध्या तासाने वाचा परत आल्यावर ते म्हणाले, "कृष्णेचं पाणी जरा जड आहे, एवढंच."

याच लोकांना मी विकी कीथबद्दल सांगते तेव्हा खोटं वाटतं. कॅनडाच्या या बाईने १९८८ साली एका उन्हाळ्यात पाचही ग्रेट लेक्स पोहून पार केली. सुपीरियरही. मी तिचं नाव वेटसूट घालताना घेते, कारण त्या कामाला कुठल्यातरी देवाचं नाव घ्यावंच लागतं.

वेटसूट म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या रबराचा अंगरखा. आपल्या मापाचा घेतला तर अंगात जात नाही, अंगात गेला तर तो आपल्या मापाचा नाही आणि आत पाणी शिरतं. पावलापासून सुरुवात करायची, पोटऱ्यांवर ओढायचा, मांड्यांशी अडला की चिमटीत धरून इंच इंच वर सरकवायचा. नखं लागू द्यायची नाहीत, फाटतो. कमरेपर्यंत आला की घाम फुटतो. खांद्यांवर चढला की चेन पाठीला, तिला लांब दोरी, आणि दोरी ओढायला दुसरं माणूस. आई माझ्या पाठीत गुडघा रोवून ती चेन ओढायची आणि बोलायची, "शिंप्याला माप नीट दिलं नव्हतंस का? आणि एवढा त्रास करून घ्यायचा तो गार पाण्यात जायला? घरात गिझर आहे ना ग?"

गिझर आहे. पण ऑगस्टात एका सकाळी तो मुहूर्त लागला. ईशान्येचा वारा तीन दिवस वाहून रात्री पडला होता. बोया एकोणीस म्हणत होता. शेजारच्या बाई पोहून आल्यावर गेटापाशी थांबून चक्क त्यांच्या टोमॅटोंबद्दल बोलत होत्या. मी ऑफिसला कळवलं की दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

पार्क पॉइंट हा अकरा किलोमीटर लांब वाळूचा दांडा आहे, एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला सुपीरियर, आणि तिथे जायला एकच वाट: उचलायचा पूल. बांधला १९०५ साली, उचलायचा झाला तो १९३० च्या सुमारास. जहाज आलं की त्याचा रस्त्याचा सगळा पट्टा वर जातो आणि आपण खाली गाडीत बसतो. नवऱ्याने वाटेत आईला माहिती द्यायला सुरुवात केली. लोखंडाचं खनिज भरून इथून जहाजं निघतात, एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं जहाज १९७५ च्या नोव्हेंबरात असंच शेजारच्या बंदरातून निघालं आणि वादळात बुडालं, २९ माणसं गेली, एकाचाही देह मिळाला नाही, कारण इतक्या गार पाण्यात तो वर येत नाही.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "जावईबापू, ही आत्ता पोहायला चाललीय."

तो गप्प झाला. मला वाटतं, त्याने मनात तिथेच बोयाला नमस्कार केला.

पाणी त्या दिवशी हिरवट निळं आणि तळापर्यंत स्वच्छ होतं. मी वेटसूट नेला नव्हता. एकोणीसला वेटसूट घालणं शेजारच्या बाईंसमोर बरं दिसलं नसतं. कमरेला तरंगता नारिंगी फुगा तेवढा बांधला, तो मात्र मी कधी सोडत नाही, एकटीही जात नाही. घोटे गेले. पहिल्या चार-पाच सेकंदांत काही होत नाही, तेवढ्यात माणूस उगाच खूश होतो. मग घोट्याच्या हाडात आतून एक कळ उठते, ती हळूहळू जाते. गुडघ्यांना काही वाटत नाही, गुडघा हा मूळचाच अरसिक अवयव. मांड्या नाराज होतात. पण खरी लढाई बेंबीपाशी. तिथे पाणी टेकलं की माणूस आपोआप चवड्यांवर उभा राहतो, दोन्ही हात वर, पोट आत, आणि नेमकी त्याच क्षणी कुठूनतरी एक लहान लाट येते. तिच्यापुढे तत्त्वज्ञान चालत नाही. श्वास सोडत, जोरात "हूऽऽ" करत, मी खांदे पाण्याखाली घातले.

मागून आईचा आवाज आला. ती पदर खोचून, साडी पोटऱ्यांपर्यंत धरून, पार्का घालून, पाण्यात उभी होती आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणत होती, "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि..." इथे ती थांबली. तिने पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कावेरीला नको बोलवायला. तिला सोसायचं नाही."

बाकीच्या सहा मात्र आल्या असाव्यात, कारण तिने ते पाणी डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं आणि मोठ्याने जाहीर केलं की हे माघस्नान धरायला हरकत नाही, आणि जुलैत काकांनी केलं होतं तेही धरावं, बिचाऱ्यांना पुण्य तरी लागेल. मग जावयाला म्हणाली, "तुम्ही पण या की."

"मी वस्तू सांभाळतो," तो म्हणाला.

मी वीस मिनिटं पोहले. काठाला समांतर, पूल दिसेपर्यंत जाऊन परत. पाण्याखाली डोकं घातलं की वाळूवरच्या लाटांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि थोडं खाली, पोटाजवळून, दर काही हातांवर गार पाण्याची एखादी पट्टी घासून जायची. वरचं एकोणीस, खालचं बारा. तळं दाखवत होतं की आपण कुठे आहोत ते विसरू नये. तरी सांगते, विहिरीनंतर एवढं चांगलं पाणी मला मिळालं नव्हतं.

बाहेर आल्यावर काही वाटत नाही. हेच फसवं असतं. पाणी हवेपेक्षा पंचवीस पट वेगाने ऊब ओढून घेतं, ते झालेलं असतं. पण हातापायांत अडकलेलं गार रक्त बाहेर आल्यावर छातीकडे वळतं आणि खरी थंडी कोरडं झाल्यावर दहा मिनिटांनी वाजते. माझी ती दहा मिनिटं नेमकी गाडीत बसून पुलापाशी पोचताना भरली. दात वाजायला लागले. नवऱ्याने हीटर पूर्ण लावला, सीटही तापवायला घेतली. थर्मास रिकामा होता. चहा सामान सांभाळणाऱ्याने सांभाळला होता. आणि घंटा वाजली, समोरचं फाटक पडलं, पूल उचलायला लागला.

तीनशे मीटर लांब जहाज येत होतं. तीनशे मीटरचं जहाज बघायला एरवी लोक कालव्याच्या भिंतीवर गर्दी करतात. जहाजाने भोंगा दिला, पुलाने भोंग्याने उत्तर दिलं, किनाऱ्यावरच्या मुलांनी हात हलवले, आणि ते अवाढव्य धूड खिडकीसमोरून सरकायला लागलं. पुढचा भाग गेला. मधला भाग येत राहिला. माझ्या हनुवटीचा ताबा सुटला होता. हीटर फुल्ल, खिडक्या बंद, वाफ धरलेली.

मागच्या सीटवर खुडबुड झाली. आईने पार्का उतरवला, त्याखालचा स्वेटर डोक्यावरून काढला, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "आज अगदी साताऱ्यासारखं उकडतंय हो."